चार चौकोनांचा हिशेब

दुसऱ्याच्या वेळातून दानधर्म करणे फार सोपे असते. गेल्या महिन्यात असे एक दान आमच्या हातून घडले. त्याचा हिशेब वाचकांपुढे मांडल्यावाचून आमच्या मनाची रुखरुख जाणार नाही, म्हणून या खेपेची ही पाने त्याच कामी खर्ची घालीत आहोत.

घडले ते असे. आमचे एक जुने स्नेही एका संस्थेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचे काम पाहतात. सायंकाळी फिरून परतताना ते आमच्याकडे डोकावले. स्मरणिकेतील मजकूर अंमळ गंभीर झाला आहे, मध्ये कोठे तरी एखादी हसरी चित्रपट्टी पडावी, असा त्यांचा विचार होता. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या आंतरजालावर दर शुक्रवारी एक चित्रपट्टी प्रसिद्ध करते, जिला हल्लीची मंडळी ‘वेबकॉमिक’ म्हणतात, हे त्यांस ठाऊक होते. “चारच चौकोन हवेत हो, फार काही नको,” ते म्हणाले. आणि आम्हीही, जिने ते काढावयाचे तिला एका शब्दाने न विचारता, “उद्या सकाळी येऊन घेऊन जा,” असे मोठ्या मनाने सांगून मोकळे झालो.

पुतणी कचेरीतून साडेसातच्या सुमारास घरी आली. आम्ही तिला हे शुभवर्तमान सांगितले.

“काका, उद्या सकाळी? माझी शुक्रवारचीच पट्टी अजून कोरी आहे.”

“अगं, अर्ध्या तासाचे काम! तुझा हात तर किती भरभर चालतो.”

यावर ती काही बोलली नाही. आत गेली आणि पाटपाणी घेऊ लागली. तिने वाद घातला असता तर वडीलकीच्या जोरावर आम्ही तो बहुधा जिंकलोही असतो. पण ते न बोलणे आम्हांस रात्रभर टोचत राहिले. झोप येईना म्हणून आम्ही मोबाईलवर तिच्या आजवरच्या साऱ्या पट्ट्या काढून वाचल्या. दोन वर्षांच्या मिळून शंभरएक भरल्या, आणि त्या संपावयास पन्नास मिनिटेही लागली नाहीत. तेव्हा लक्षात आले की, वाचावयास किती वेळ लागतो हेच काय ते आम्हांस ठाऊक होते, आणि करावयासही त्याच्याच आसपास लागत असेल असे आम्ही धरून चाललो होतो. गवई दोन घटका गातो म्हणून दोनच घटका शिकला असेल, असे आम्ही कधी म्हटले नसते. चित्राविषयी मात्र बेधडक म्हणून बसलो होतो.

सकाळी स्नेह्यांस थोपवून धरले आणि पुतणीपाशी परवानगी मागितली की, येत्या रविवारी ती पट्टी करील तेव्हा घड्याळ घेऊन तिच्याजवळ बसू द्यावे. “बसा की काका, पण मध्ये बोलायचे नाही हं,” या अटीवर ती मिळाली.

रविवारी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी ती टेबलाशी बसली. आम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर वही आणि मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवलेले. टेबलावर ना कागद, ना दौत, ना कुंचला. एक काळी काचेची पाटी आणि तिच्यावर चालणारी बिनशाईची लेखणी. आता भराभर रेघा उमटू लागतील म्हणून आम्ही सरसावून बसलो, तो तिने पाटी बाजूला सारली आणि एक साधी दोनशे पानी वही उघडली. पुढे दीड तासाहून अधिक काळ तिने एकही रेघ काढली नाही.

त्या वहीत अर्धवट सुचलेल्या गोष्टी टिपलेल्या असतात. आठवडाभर बसमध्ये, कचेरीत, भाजी निवडताना जे कानावर पडते ते तीत जाते. त्या वेळेची नोंद आमच्या घड्याळाने केलेली नाही व करणे शक्यही नव्हते. त्या दिवशी तिने निवडलेला विषय असा होता. सून दुपारचे सर्व आवरून घटकाभर पुस्तक घेऊन बसली आहे. पहिल्या चौकोनात आतून आवाज येतो, “चहा झाला का?” दुसऱ्यात, “माझे पाकीट कोठे आहे?” तिसऱ्यात, “इस्त्रीचे कपडे आले का?” चौथ्या चौकोनात स्वयंपाकघराच्या दारावर पुणेरी थाटाची पाटी झळकते आहे: ‘स्वयंपाकघर दुपारी १ ते ४ बंद राहील.’

येथवर सारे वीस मिनिटांत जुळले. आम्हांस वाटले, विनोद झाला, आता चित्र. पण चौथ्या चौकोनात पाटीच्या जोडीला सुनेच्या तोंडी एक वाक्यही होते, १९ शब्दांचे, सर्व खुलासा करणारे. तिने त्या १९ चे १२ केले, १२ चे ७ केले, आणि पाऊण तास त्या सातांशी झटापट करून शेवटी तेही पुसून टाकले. पाटी बोलते आहे, मग सुनेने कशाला बोलावे? मोकळ्या झालेल्या त्या जागेत मग एक म्हातारी आली. पाठमोरी उभी राहून ती पाटीखाली खडूने आणखी एक ओळ लिहिते आहे: ‘चहाचीही चौकशी करू नये.’ ही आजी कोठून आली, असे आम्ही अट मोडून विचारले. “आत्ताच आली,” एवढेच उत्तर मिळाले. पट्टी सूनबाईंच्या तक्रारीची होती, ती एकाएकी सासूसुनेच्या गुप्त कराराची झाली. आणि जो वाचील त्याला त्या पाऊण तासाची आणि पुसलेल्या १९ शब्दांची कधी गंधवार्ताही लागणार नाही. आम्ही वहीत टिपले: शब्द, १ तास ३५ मिनिटे.

त्यानंतरचे टप्पे झपाट्याने सांगतो. कोण कोठे उभे राहील, डोके कोणत्या बाजूस, फुगा कोणत्या बाजूस, याचा कच्चा आराखडा ५० मिनिटे. मग अक्षरे. माणसे काढण्याच्या आधी अक्षरे का, याचे आम्हांस नवल वाटले. पण कारण चोख आहे. अक्षरांस जागा उरली नाही तर काढलेल्या माणसाचे डोके कापावे लागते. त्यातही आपल्या देवनागरीचा थाट इंग्रजीहून निराळा. इंग्रजी चित्रपट्ट्यांतून बहुधा सर्व अक्षरे मोठ्या लिपीत, एकाच उंचीची लिहितात. ती विटांसारखी एकावर एक बसतात. आपल्या अक्षरांस डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, आणि पायाशी उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर बसतो. तेव्हा ओळी दूर ठेवाव्या लागतात, फुगा मोठा होतो, आणि चित्राची जागा त्या मानाने कमी होते. शिवाय हे सारे तळहाताएवढ्या पडद्यावर चष्मा लावणाऱ्यांसही वाचता आले पाहिजे. अक्षरे व फुगे, ४५ मिनिटे.

जेवणानंतर पक्क्या रेघा. यास सर्वांत अधिक, म्हणजे २ तास ५० मिनिटे लागली. या यंत्राच्या पाटीवर चुकलेली रेघ एका खुणेने नाहीशी करता येते. पूर्वी चित्रकार पांढरा रंग लावून चूक झाकीत आणि तो वाळेपर्यंत थांबत. तेव्हा ही केवढी सोय, असे आम्ही मनात म्हणत होतो. पण सोयीचा दुसरा अंगही त्याच दुपारी दिसला. खडू धरलेल्या आजीच्या हाताची एक रेघ पुतणीने १७ वेळा काढली आणि १६ वेळा पुसली. पुसणे महाग होते तेव्हा चौथ्या रेघेवर माणूस समाधान मानीत असे. पुसणे फुकट झाले आणि समाधान तेवढे दुर्मिळ झाले. स्वयंपाकघराची फळी एकदा काढून बाकीच्या चौकोनांत उतरवून घेता येते, तशी ती घेतलीही. पण तिसऱ्या चौकोनात दृष्टिकोन बदलला होता, म्हणून तेथे सर्व बरण्या पुन्हा आणि त्याच क्रमाने काढाव्या लागल्या. क्रम चुकला तर कोणाच्या लक्षात येणार आहे, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “आजीच्या येईल.”

रंग, १ तास २५ मिनिटे. मग पट्टी मोबाईलवर पाहणे, अक्षरे लहान वाटली म्हणून पुन्हा वाढवणे, आडव्या पट्टीचे चौकोन उभ्या पडद्यासाठी एकाखाली एक रचणे, निरनिराळ्या आकारांत जतन करणे, ज्यांस दिसत नाही अशा वाचकांसाठी चित्राचे शब्दांत वर्णन लिहिणे, हे सर्व ४० मिनिटे. वहीतील बेरीज ८ तास ५ मिनिटे झाली.

पट्टी पुरी झाली तेव्हा मात्र घड्याळात रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. सकाळच्या ९-१० पासूनचे तास मोजले तर ते साडेतेरा होतात. जेवण आणि घटकाभर विसावा वजा घातला तरी मधला बराच वेळ गेला कोठे? त्याची नोंद आम्ही वहीच्या मागच्या पानावर केली होती आणि खरे सांगावयाचे तर हे टिपण त्या मागच्या पानासाठीच लिहीत आहोत. दिवसभरात पुतणीस टेबलावरून १४ वेळा उठवण्यात आले. दारावरच्या घंटेसाठी ४ वेळा, मातोश्रींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालण्यासाठी २ वेळा, दळणाविषयी २ वेळा, आमच्या सौभाग्यवतींस मोबाईलवरून छायाचित्र पाठवून देण्यासाठी २ वेळा, कुकरच्या शिट्ट्या मोजण्यासाठी एकदा. उरलेल्या तीन वेळा आमच्या नावावर आहेत: एकदा चष्म्याचे घर कोठे आहे म्हणून, एकदा पंखा कमी करण्यासाठी, आणि एकदा ‘तुला आमचा व्यत्यय तर होत नाही ना’ हे विचारण्यासाठी.

त्याच दिवशी, त्याच माजघराला लागून असलेल्या खोलीत तिचा धाकटा भाऊ सीएच्या परीक्षेचा अभ्यास करीत होता. त्याला दिवसभरात एकदाही कोणी उठवले नाही. त्याची खोली दाराला अधिक जवळ आहे. ‘तो अभ्यासाला बसला आहे’ हे वाक्य आमच्या घरात उंबऱ्यावरच्या रांगोळीसारखे आहे. ते कोणी ओलांडीत नाही. ‘ती चित्र काढीत बसली आहे’ या वाक्यात मात्र ‘बसली आहे’ एवढेच सर्वांस ऐकू येते. आम्ही कोणास दोष देत नाही. चौदांतले तीन आमचेच आहेत.

रात्री मातोश्रींनी पट्टी वाचली. चष्मा लावण्याचा वेळ धरून २२ सेकंद. त्या मनापासून हसल्या, आणि मग पडदा वर सरकवीत म्हणाल्या, “एवढेच? पुढचे कोठे आहे?”

हे आमच्याच घरी घडते की जेथे जेथे अशा पट्ट्या होतात तेथे सर्वत्र, हे पाहण्याची आम्हांस मग उत्कंठा लागली आणि पुढचे काही दिवस आम्ही थोरामोठ्यांची चरित्रे चाळण्यात घालवले. चार्ल्स शुल्झ या अमेरिकन चित्रकाराची ‘पीनट्स’ ही पट्टी २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली. ती रोज निघे, आणि त्याने हाताखाली साहाय्यक न ठेवता लेखन, रेखन, अक्षरे, सर्व स्वतः केले. १९८१ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्याचा हात कापू लागला. रेघा थरथरू लागल्या, पण पट्टी थांबली नाही. त्याने दीर्घ रजा घेतली ती एकदाच, पंचाहत्तरीनिमित्त, १९९७ मध्ये, पाच आठवड्यांची. ज्या टाकाने तो चित्रे काढी ते एस्टरब्रुक कंपनीचे ‘९१४ रेडिओ’ जातीचे टोक बंद होणार असे कळताच त्याने उरलेला साठाच विकत घेऊन ठेवला. १२ फेब्रुवारी २००० रोजी तो वारला आणि त्याची अखेरची रविवारची पट्टी दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाली. एकंदर पट्ट्या १७,८९७. आमच्या सवयीप्रमाणे आम्ही त्याचाही हिशेब केला. एकीस अर्धे मिनिट धरले तर त्या सर्व वाचण्यास सुमारे १४९ तास, म्हणजे सहा दिवस आणि सहा रात्रींहून थोडे अधिक लागतील. एका मनुष्याचे पन्नास वर्षांचे आयुष्य आठवड्याच्या आत वाचून संपते.

याच्या उलट टोकाला बिल वॉटरसन. त्याची ‘कॅल्व्हिन अँड हॉब्स’ १९८५ च्या नोव्हेंबरात निघाली. तिने त्याला इतके थकवले की १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये त्याने नऊ-नऊ महिन्यांची सुटी घेतली, आणि १९९५ च्या अखेरीस, लोकप्रियता शिगेला असताना, पट्टी कायमची बंद केली. त्या वेळी कित्येकांनी त्याला वेड्यात काढले असेल. ८ तास ५ मिनिटांचा अनुभव गाठीशी आल्यावर आम्हांस मात्र नवल वाटते ते शुल्झचे, वॉटरसनचे नव्हे.

हे झाले छापील वर्तमानपत्रांच्या काळाचे. आंतरजालावर तर संपादक नाही, जागेचे माप नाही, उद्या सकाळची धास्ती नाही. तेव्हा काम हलके झाले असावे, असा आमचा तर्क होता. त्यात चित्र अगदी साधे ठेवले तर प्रश्नच मिटला! रायन नॉर्थ या कॅनडातील लेखकाने २००३ पासून ‘डायनासोर कॉमिक्स’ चालवताना नेमके हेच केले. त्याच्या पट्टीतील सहा चौकोनांतली चित्रे प्रत्येक वेळी तीच. बदलतात ते केवळ शब्द. म्हणजे रेघा आणि रंग यांचे सव्वाचार तास शून्यावर आले. पण उरतो तो आमच्या पुतणीच्या वहीतला पहिला टप्पा, आणि तोच तर असा आहे की ज्याला घड्याळ लावता येत नाही. दुसरे उदाहरण रँडल मनरो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या पट्टीचे. हे गृहस्थ पूर्वी ‘नासा’साठी काम करीत. त्यांची माणसे म्हणजे काड्यांना गोल डोके. असे चित्र आम्हीही काढू, असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. त्यांनीच २५ मार्च २०१३ रोजी ‘टाइम’ नावाचे एकच चित्र प्रसिद्ध केले. ते आरंभी दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाने, लोकांच्या डोळ्यांदेखत, किंचित किंचित बदलत राहिले. हे चार महिने चालले आणि अखेरीस त्याची ३,०९९ चित्रे झाली, काडीच्याच माणसांची. दुसऱ्या वर्षी त्याला ह्यूगो पारितोषिक मिळाले. साधेपणा वेळ वाचवतो हा आमचा तर्क येथे पार कोसळला.

जे वेगाचे दाखले देतात ते स्कॉट मॅक्लाउड यांचे नाव घेतात. १९९० मध्ये त्यांनी आपल्या चित्रकार मित्रासह पैज मांडली की चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा पुरी करावयाची. आणि ती त्यांनी करूनही दाखवली. म्हणजे पानास एक तास. पण ती पैज होती. धावण्याच्या शर्यतीतला वेग पाहून रोजच्या चालण्याचा पगार ठरवावयाचा नसतो.

आणि ज्यांनी तो तसा ठरवला त्यांची गोष्ट दक्षिण कोरियात घडली आहे. तेथे ‘वेबटून’ नावाच्या, मोबाईलवर वरून खाली सरकवीत वाचावयाच्या रंगीत चित्रकथा लाखो लोक वाचतात. दर आठवड्यास एक भाग, आणि एका भागात सर्रास ६०-७० चित्रे. आमच्या पुतणीच्या मापाने पाहिले तर हे एका माणसाच्या आठवड्यात बसतच नाही. म्हणून रेघा एकाच्या, रंग दुसऱ्याचे, मागची घरेदारे तिसऱ्याची, असे कारखान्यासारखे वाटप करावे लागते. तरीही मुख्य चित्रकाराच्या मानेवरचे जू हलके होत नाही. ‘सोलो लेव्हलिंग’ या जगभर गाजलेल्या वेबटूनचा चित्रकार चांग सुंग-राक जुलै २०२२ मध्ये, ऐन सदतिशीत, मेंदूतील रक्तस्रावाने वारला. त्याची प्रकृती आधीपासूनच बरी नव्हती, तेव्हा मृत्यूचे खापर कामावर फोडण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु चित्रकारांच्या आठवड्यात तास तरी किती असतात, हा प्रश्न त्या वार्तेनंतर सर्वत्र विचारला गेला. आणि आम्ही मात्र तो आमच्याच घरात दोन वर्षे विचारला नव्हता.

दूर कशाला जावे? १९९१ च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ आला, तेव्हा आमच्या घरी सकाळी वर्तमानपत्रासाठी ओढाताण होई ती अग्रलेखासाठी नव्हे. मातोश्री त्याची कात्रणे ठेवीत. रोज एक, असे ते वर्षानुवर्षे चालले. त्यामागे एक नव्हे तर दोन माणसे राबत होती, ही गोष्ट चौकटीत नावे छापलेली असूनही आमच्या कधी मनात भरली नाही. नागपूरचे रोहन चक्रवर्ती दंतवैद्यक शिकलेले. पण २०१० पासून ‘ग्रीन ह्यूमर’ या नावाने वन्य प्राण्यांच्या चित्रपट्ट्या काढू लागले आणि पुढे तोच त्यांचा व्यवसाय झाला. त्यांच्या कामात तर आणखी एक भार आहे. पक्ष्याच्या पंखावरचा पट्टा चुकला तर विनोद कितीही चांगला असो, जाणता वाचक हसण्याऐवजी चूक दाखवील. म्हणजे काढण्याआधी अभ्यास; पुन्हा ज्याची गणना कोणी करीत नाही असा वेळ.

असो. या सर्व माहितीची शिदोरी घेऊन आम्ही स्नेह्यांकडे गेलो आणि आमचे वचन परत मागितले. त्यांस थोडा राग आला. “आता यंत्रास सांगितले की मिनिटात चित्र मिळते म्हणतात,” असेही ते म्हणाले. मिळते, हे खरे. आमच्या नातवंडांनी ते आम्हांस करूनही दाखवले आहे. पण आम्ही ज्या आठ तासांचे साक्षीदार होतो त्यांतील मोलाचा भाग चित्र मिळवण्यात गेला नव्हता. १९ शब्द पुसून त्या जागी कोणाला उभे करावे, हे ठरवण्यात गेला होता. यंत्रास ‘आजी काढ’ असे सांगावयाचे तरी आधी आजी सुचली पाहिजे. स्नेही विचारी आहेत. त्यांनी मग पुतणीसच विचारले. तिने तीन आठवड्यांची मुदत आणि माफक मानधन सांगितले. समितीपुढे विषय गेला. मुद्रकाचे पैसे ठरलेले, कागदाचे ठरलेले, हारतुऱ्यांचे आणि अल्पोपाहाराचेही ठरलेले. चित्राचे तेवढे प्रेमाने व्हावे अशी सभासदांची अपेक्षा होती. ते जमले नाही. त्या जागी आता एका फरसाणवाल्याची जाहिरात छापली जाणार आहे, असे कळते. आम्हांस त्याचा खेद नाही, पण स्नेह्यांचे येणे पंधरवडाभर थांबले याचा आहे.

घरात मात्र काही गोष्टी हलल्या. एकत्र कुटुंबात वेळ हा लोणच्याच्या बरणीसारखा असतो; कोणीही यावे आणि फोड काढून न्यावी. याचे सुखही मोठे आहे, आणि पुतणीच्या पट्टीतला सारा मालमसाला याच गजबजीतून येतो, हे तीही मान्य करते. बंद दाराच्या एकांत खोलीत तिला ती आजी सुचली असती की नाही, कोण जाणे. परंतु आठवड्यास आठ तास म्हणजे वर्षाचे ५२ पुरते कामाचे दिवस होतात. आणि नोकरी सांभाळून एवढे दिवस जी मुलगी स्वतःच्या विश्रांतीतून काढते, तिने कुकरच्या शिट्ट्याही मोजाव्यात हे काही खरे नव्हे. आम्ही मागचे पान रात्री जेवताना सर्वांस वाचून दाखवले. आमच्या नावापुढचा आकडा येताच हशा पिकला. धाकटे बंधू मात्र हसले नाहीत. दुसऱ्या रविवारपासून आईच्या डोळ्यांतले थेंब त्यांनी आपल्याकडे घेतले. दळण आमच्याकडे आले. दाराची घंटा पुतण्याकडे गेली. त्याने परीक्षेची सबब सांगून पाहिली, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, “तुझी परीक्षा वर्षातून एकदा. तिची दर शुक्रवारी.”

व्यवस्था अद्याप सुरळीत झालेली नाही. परवाच्या रविवारी कुरिअरवाला दोनदा परत गेला, आणि आम्ही बाजरीच्या डब्यात ज्वारी दळून आणली. तरी पुतणीस पाचच वेळा उठावे लागले आणि पट्टी साडेसातलाच पुरी झाली. शुक्रवारी ती प्रसिद्ध झाली तेव्हा आम्ही अगदी बारकाईने पाहिली. तिसऱ्या चौकोनातल्या फळीवर हळदीची बरणी राहून गेली आहे. आम्ही कोणापाशी बोललो नाही. मातोश्रींनी मात्र चष्मा पुसून तो चौकोन दोनदा मोठा करून पाहिला, आणि त्याही काही बोलल्या नाहीत.